चहा, कॉफी आणि अंगाचा ठणका

सॅरिडॉनच्या पट्टीवरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत का? पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, प्रोपिफेनाझोन १५० मिलिग्रॅम आणि तिसरं नाव कॅफीन, ५० मिलिग्रॅम. एका कपभर चहात साधारण तेवढंच कॅफीन असतं. डोकं ठणकत असलं की हे कॅफीन आपण औषध म्हणून गिळतो. आणि गुडघे धरले की घरातली मोठी माणसं त्याच कॅफीनला जबाबदार धरतात. "चहा कमी कर, वात वाढतो त्यानं. हाडं ठिसूळ होतात."

कॅफीन दुखणं दाबतं, हे खरं आहे. काही जणांचं जुनाट दुखणं त्यानंच रेंगाळतं, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या वेळी घडतात. पहिली घडते कप रिकामा झाल्यानंतरच्या काही तासांत, दुसरी त्याच रात्री अंथरुणात. पाठ, मान, खांदे, गुडघे महिनोन्महिने दुखणाऱ्यांनी चहा प्यावा की सोडावा, असं विचारण्यापेक्षा शेवटचा कप किती वाजता होतो, हे आधी पाहावं असं मला वाटतं.

थोडं आत शिरू. पेशी काम करतात तेव्हा एटीपी नावाचं इंधन खर्च होतं आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा रेणू तयार होतो. जागेपणाचे तास वाढत जातात तसं मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, मज्जापेशींवरच्या ठरावीक जागांवर म्हणजे रिसेप्टरांवर जाऊन बसतं आणि संध्याकाळनंतर आपले डोळे जड व्हायला लागतात. कॅफीनचा रेणू घडणीनं ॲडेनोसिनशी बराच मिळताजुळता आहे. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तेच काम कॅफीन करतं. रुमाल काही प्रवास करत नाही, पण खऱ्या प्रवाशाला बसू देत नाही. ॲडेनोसिन उभंच राहतं, आणि आपल्याला वाटतं की थकवा गेला. तो गेलेला नसतो. रुमाल उचलला गेला की ताटकळलेलं ॲडेनोसिन एकदम बसतं, म्हणून तर चहा उतरल्यावरची मरगळ अशी अचानक येते.

वेदनेच्या बाबतीत मामला गुंतागुंतीचा होतो, कारण ॲडेनोसिनचे रिसेप्टर चार प्रकारचे आहेत आणि सगळे एकच काम करत नाहीत. मज्जारज्जूत ए-१ प्रकारच्या रिसेप्टरवर ॲडेनोसिन बसलं की वरच्या दिशेनं जाणारा वेदनेचा निरोप क्षीण होतो, म्हणजे हा शरीराचा स्वतःचा वेदनाशामक झाला. याउलट इजा झालेल्या जागी, त्वचेत नाहीतर स्नायूत, ए-२ गटातले रिसेप्टर चेतवले गेले तर वेदना वाढू शकते. नेहमीच्या चहा-कॉफीतलं कॅफीन ए-१ आणि ए-२ए या दोन्हींच्या जागा अडवतं. एकीकडे दुखणं वाढवणारा बसू शकत नाही, दुसरीकडे दुखणं शमवणाराही बसू शकत नाही. कोणती बाजू जड पडेल हे मात्रेवर, दुखण्याच्या प्रकारावर आणि सोबत चालू असलेल्या औषधावर ठरतं. इथूनच पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

आधी कॅफीनच्या बाजूचा पुरावा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळीत कॅफीन मिसळल्यानं फरक पडतो का, हे पाहण्यासाठी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये २० चाचण्या एकत्र तपासल्या, सात हजारांहून जास्त रुग्णांच्या. १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीन घातलं, तर चांगला आराम पडणाऱ्यांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. फरक लहान आहे, पण खरा आहे. फक्त हे रुग्ण डोकेदुखीचे, दात काढल्यानंतरच्या किंवा बाळंतपणानंतरच्या वेदनेचे, म्हणजे आज उद्भवून चार दिवसांत जाणाऱ्या दुखण्याचे होते. दहा वर्षं कंबर धरून बसणाऱ्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग भरून येतं, त्यावरही कॅफीन वापरून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २००७ मध्ये झालेल्या प्रयोगात मांड्या दुखत असलेल्या तरुण मुलींना वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम या हिशेबानं कॅफीन दिलं, आणि पूर्ण जोर लावताना होणारी वेदना जवळपास निम्म्यानं कमी झाली. आता बारकावे बघा. मुली होत्या अवघ्या नऊ, आणि एरवी त्या चहा-कॉफी फारशी घेणाऱ्या नव्हत्या. साठ किलोच्या मुलीला ही मात्रा ३०० मिलिग्रॅम पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसभराच्या कॅफीनची जी मर्यादा घातली आहे, ती नेमकी तेवढीच आहे. जिमला जाण्याआधी कॅफीनची पूड पाण्यात ढवळून पिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हिशेबापुरते त्याच मार्गदर्शिकेतले आणखी आकडे: १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि फिल्टर कॉफीसारख्या गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. कटिंगमध्ये अर्थात यापेक्षा कमी, पण पत्ती किती टाकली आणि किती वेळ उकळली यावर बरंच अवलंबून आहे. टपरीवर दिवसभर मंद आचेवर ठेवलेला चहा आणि घरचा पातळ दुधाळ चहा यांना एकाच तागडीत घालता येत नाही.

जुनाट दुखण्याचे रुग्ण जास्त कॅफीन घेतात का? १९९७ साली अमेरिकेत पाठदुखीच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, पाठ दुखणाऱ्यांचं कॅफीन इतर रुग्णांच्या दुपटीहून जास्त निघालं. अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली तर तिचा मथळा "चहामुळे पाठदुखी" असाच असेल. पण ज्याची पाठ रात्रभर दुखते त्याची झोप होत नाही, आणि ज्याची झोप होत नाही तो सकाळी दोन कप जास्त पितो. कोण कुणामुळे, हे असल्या मोजणीतून कळत नाही. शिवाय चहासोबत सिगारेट असते, आणि धूम्रपान व पाठदुखीचा संबंध स्वतंत्रपणे दिसलेला आहे. रात्रपाळी, बैठं काम, मनावरचा ताण, या सगळ्याच गोष्टी चहाचे कपही वाढवतात आणि दुखणंही.

त्यामुळे "चहानं स्नायू आणि सांधे दुखतात" असं सरसकट म्हणायला भक्कम आधार नाही. झोपेच्या वाटेनं जाणाऱ्या संबंधाला मात्र आधार आहे.

टोरोंटोच्या हार्वी मॉल्डॉफ्स्की यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत झोपवायचं, आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी मंदावतात ती गाढ झोप लागली की आवाज करून त्यातून वर काढायचं. पूर्ण जागं करायचं नाही, फक्त गाढ झोप मोडायची. काही रात्रींतच या तरुणांचं अंग ठणकायला लागलं आणि दाबल्यावर स्नायू दुखायला लागले. फायब्रोमायाल्जियाचे, म्हणजे सगळं अंग कायम दुखत राहणाऱ्या आजाराचे रुग्ण सांगतात तशाच या तक्रारी होत्या. स्नायूंना कसलीही इजा झालेली नव्हती.

दुसरा प्रयोग २०१७ चा, बॉस्टनमधला. उंदरांना रोज थोडं थोडं जागवलं, तेही छळून नाही तर नवनवी खेळणी देऊन रमवत. दिवसागणिक त्यांची वेदनेची सहनशक्ती घसरत गेली. मग त्यांना आयबुप्रोफेन दिलं, मॉर्फिन दिलं, पण त्यानं त्यांची संवेदनशीलता काही उतरली नाही. उतरली ती कॅफीननं, आणि मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधानं. झोप पुरी झालेल्या उंदरांवर मात्र याच दोन्हींचा वेदनाशामक म्हणून काही परिणाम दिसला नाही.

हे उंदरांवरचं आहे आणि माणसाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरीही कित्येक घरांतली दिनचर्या यात दिसते. रात्री झोप अर्धवट, सकाळी मान आणि पाठ लाकडासारखी, पहिला चहा घेतल्यावर "जरा अंग मोकळं झालं". तो आराम खराच असतो. मग दुपारी चारला एक, साडेसहाला कुणी आलं म्हणून एक, आणि पुन्हा रात्रीची झोप वरवरची. संध्याकाळचा कप उद्या सकाळच्या ठणक्याला हातभार लावतो आणि सकाळचा कप तो ठणका दाबतो, त्यामुळे चहाचा संशय कधी येतच नाही.

"मला तर चहा पिऊनही पडल्या पडल्या झोप लागते," असं सांगणारे घरोघरी असतात. झोप लागणं वेगळं आणि गाढ लागणं वेगळं. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १०० मिलिग्रॅम पोटात गेलं तर अकराला ५० शिल्लक असतं, पहाटे चारला २५. डेट्रॉईटमधल्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननं झोप तासाभराहून जास्त कमी केली, आणि भाग घेणाऱ्यांच्या स्वतःच्या अंदाजात हा तोटा पुरता उतरलाच नव्हता.

पाच तास ही सरासरी झाली. यकृतातलं जे एन्झाइम कॅफीन मोडतं ते कुणात चपळ, कुणात मंद. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांपर्यंत लांबतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो जवळपास दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिकही कॅफीनचा निचरा थांबवून धरतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत उलट तो वेगानं होतो, पण ही करामत निकोटिनची नसून धुराची आहे. म्हणजे तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणारीला ती लागू नाही. आणि सिगारेट सोडलेल्या माणसाला पूर्वीचेच चार कप अचानक जास्त चढतात. सिगारेट सुटल्यावर झोप उडाली, अंग दुखायला लागलं, तर कपांकडेही एकदा बघावं.

आता सगळ्यांत जास्त फसवणारा भाग. कुणीतरी सांगतं म्हणून माणूस सोमवारपासून चहा बंद करतो. मंगळवारी डोकं फुटायची वेळ येते, अंग मोडून येतं, मान आखडते, कणकण वाटते. दोन निष्कर्ष हमखास निघतात. एक, "चहा सोडल्यावर शरीरातली घाण बाहेर पडतेय." दुसरा, "मला चहाच बरा, त्याच्याशिवाय सांधे दुखतात." दोन्ही चूक. हा कॅफीन सुटल्याचा त्रास आहे. तो शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. डोकेदुखी हे मुख्य लक्षण, पण स्नायू दुखणं आणि आखडणं हेही मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या अधिकृत निदान-यादीत नोंदलेलं आहे. रोजचं १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन कप चहा एवढ्या सवयीवरही हे होऊ शकतं.

निर्जळी उपवासाच्या दिवशी उठणारं डोकं नुसतं भुकेचं नसतं, सकाळचा चुकलेला चहाही त्यात असतो. ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णालाही असंच डोकं उठतं, आणि भुलीचा परिणाम समजून ते सोडून दिलं जातं.

म्हणून चहा कमी करून दुखण्यात फरक पडतो का हे खरोखर पाहायचं असेल तर एकदम तोडू नका. दिवसातला शेवटचा कप आधी काढा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग त्याच्या आधीचा. दुपारी दोननंतर काही नाही इथवर आलात तरी बहुतेकांना पुरे. सकाळचा चहा सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. पहिल्या दहा दिवसांतल्या दुखण्यावरून मत बनवू नका. तीन-चार आठवडे रोज सकाळी उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं राहतं आणि रात्री कितीदा जाग येते, एवढंच कॅलेंडरवर टिपा. त्या काळात नवी गोळी, नवा व्यायाम, नवी गादी सुरू करू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं तेच कळणार नाही. डोकेदुखीसाठी कॅफीनवाल्या मिश्र गोळ्या घेत असाल तर त्याही मोजा. महिन्यातून दहा किंवा त्याहून जास्त दिवस, तेही महिनोन्महिने घेतल्या तर गोळीच डोकेदुखीचं कारण बनते.

हाडं ठिसूळ होण्याचं काय? कॅफीननं लघवीवाटे थोडं कॅल्शियम जादा जातं, पण एका कप कॉफीमागचं नुकसान एक-दोन मोठे चमचे दुधात भरून निघतं, आणि आपल्या चहात त्याहून जास्त दूध असतं. कोरा चहा पिणारी, दूध-दही न खाणारी म्हातारी माणसं असतील तर वेगळं. शिवाय गुडघ्यांची झीज हा कूर्चेचा आजार आहे, कॅल्शियमचा नाही. गुडघ्यांच्या बाबतीत चहात काही खटकण्यासारखं असेल तर ती साखर. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. वजन एक किलोनं उतरलं तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे २००५ मधल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे.

युरिक ॲसिडवाल्यांसाठी एक चांगली बातमी, पण ती कॅफीनची नाही. पंचेचाळीस हजारांहून जास्त अमेरिकी पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत रोज चार-पाच कप कॉफी पिणाऱ्यांत गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडा फायदा दिसला आणि चहात दिसला नाही, तेव्हा हे कॉफीतल्या दुसऱ्याच कशाचं तरी काम असणार. अर्थात गाऊट टाळायला चार कप कॉफी सुरू करा असा याचा अर्थ नाही.

औषधांशी होणारी गाठ मात्र गांभीर्यानं घ्यावी. आमवातात, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट दिलं जातं. त्याचा सूज उतरवणारा परिणाम काही अंशी ॲडेनोसिन वाढवूनच होतो असं मानलं जातं. म्हणजे इथे रुमाल नेमका चुकीच्या सीटवर पडतो. इस्रायलमध्ये २००३ साली ३९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिवसाला १८० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्यांना सकाळचं आखडणं आणि सांधेदुखी यांत कमी आराम पडला. तीन वर्षांनी २६४ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात असा फरक दिसलाच नाही. निकाल अजून लागायचाय, असं समजा. मेथोट्रेक्सेट घेऊनही सांधे हवे तसे सुटत नसतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दिवसाचे कप सांगा, एवढंच. कपांच्या भीतीनं गोळी बंद करायची नाही.

फिजिओथेरपीत कमरेला किंवा खांद्याला पट्ट्या लावून जो सौम्य करंट देतात, त्या टेन्स मशीनचा आराम २०० मिलिग्रॅम कॅफीननं घटल्याचं १९९५ मध्ये एका छोट्या प्रयोगात दिसलं. ॲक्युपंक्चरच्या सुईभोवती ॲडेनोसिन वाढतं आणि त्यातूनच वेदना शमते, हे २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं. मशीन लावायला जाताना वाटेत कडक चहा टाळला तर बिघडत काहीच नाही.

थायरॉइडच्या गोळीचा कॅफीनशी थेट संबंध नाही, पण अंगदुखीशी दाट आहे. उपाशी पोटी घ्यायची ही गोळी अनेक जणी चहाच्या घोटाबरोबर गिळतात. कॉफीसोबत ती नीट शोषली जात नाही हे तपासलेलं आहे, आणि चहातलं दूधही तिला मानवत नाही. डोस कमी पडत राहतो, आणि थायरॉइड कमी असणं हे स्वतःच स्नायू दुखण्याचं जुनं, ओळखीचं कारण आहे. गोळी साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या तासानंतर, जमल्यास तासाभरानं. हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटचंही तसंच. कॉफीबरोबर घेतलं तर त्याचं शोषण ६० टक्क्यांनी घटतं.

जेवणावरचा चहाही याच रांगेत बसतो. चहातलं टॅनिन डाळी-भाज्यांतलं लोह बांधून ठेवतं, म्हणून पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला आहे. कायम थकवा, पायांत गोळे, रात्री पाय हलवत राहावंसं वाटणं या तक्रारी घेऊन येणारीच्या हिमोग्लोबिनकडे आणि फेरिटिनकडे, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याकडे आधी बघायला हवं.

चहाची वेळ बदलून, महिनाभर वाट पाहूनही दुखणं तसंच राहिलं तर कॅफीनचा नाद सोडून द्या, कारण दुसरीकडे आहे. आणि काही लक्षणांत तर तो महिनाही थांबायचं नाही: सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहणं, बोटांच्या सांध्यांवर सूज, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, सोबत ताप किंवा कारण नसताना उतरणारं वजन, पायात मुंग्या येऊन ताकद कमी होणं. यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.